डाव्या पायाचं माप

औरंगपुऱ्यातल्या सेंटरमध्ये मी एमआरआय काढतो. वैजापूरहून मुलीला घेऊन आलेल्या त्या बाईंच्या गळ्यात कपडे मापायचा टेप होता. मुलीचा डावा पाय जन्मापासून जाड, निळ्या शिरांनी भरलेला. तिच्या सलवारीचा तेवढा पाय त्या मापून रुंद शिवत. टेपच्या टोकांना पत्रा, मशीनचं चुंबक तो ओढेल म्हणून मी खेकसून तो बाहेर ठेवायला लावला.

वरच्या फुगलेल्या शिरा काढल्या तर रक्ताला आतल्या मोठ्या शिरेचीच वाट; ती शीर नसेल तर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पडद्यावर ती मांडीपर्यंत सरळ उमटली, तसा मी खुर्चीतून उठलोच. शेजारी उभे डॉक्टर ओरडले, "आहे! करू आपण ऑपरेशन!"

मशीनमधून बाहेर आलेली मुलगी मात्र ऑपरेशनच्या नावानं रडवेली झाली. बाईंनी टेप पुन्हा गळ्यात टाकला नि हसत म्हणाल्या, "आता आतलं बी माप घावलं, पोरी. माप घावल्यावर कात्रीला भ्यायचं नाय!"