डावऱ्या हाताची गाठ

सुलोचनाबाईंच्या नाकावर राग असतो, असं सेवाग्राम रोडवरचा जो तो सांगतो. तो तिथं कुणी आणून बसवला, हे मात्र कुणी सांगत नाही.

या खेपेला तो गजेंद्रशेठने बसवला. मार्चमधल्या एका सकाळी त्याने आपल्या वर्कशॉपच्या लेथची मोटर बाईंच्या दुकानाच्या फळीवर धाडकन आदळली. बाईंनी पंधराच दिवसांपूर्वी ती नवी तार घालून भरून दिली होती, आणि ती पुन्हा जळली होती. दुकानात चार माणसं उभी होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेठ म्हणाला, "भैयाजी असते तं हे झालं नसतं. थ्यायच्या हातासंगं हे दुकानबी गेलं." तेवढ्यावर पंपाची मोटर घेऊन आलेला एक जण ती खाली न ठेवताच रस्त्याला लागला.

भैयाजी म्हणजे बाईंचे मालक. जाऊन दोन वर्षं झाली, पण दुकानावरची पाटी अजून त्यांच्याच नावाची आहे. माणूस भला होता, पण चौदा वर्षांपूर्वी त्यांचे हात कापायला लागले. केसासारखी बारीक तार हातात ठरेना. तेव्हापासून मागच्या खोलीत बसून बाई मोटरी भरू लागल्या आणि पुढं खुर्चीवर बसून भैयाजी शाबासकी घेऊ लागले. नवऱ्याची इज्जत राहावी म्हणून बाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. भैयाजी गेले आणि लोक म्हणू लागले की हात गेला. अहो, हात कुठं गेला होता? तो मागच्या खोलीतच होता, बांगड्या घातलेला.

बरं, तो हातही डावा. लहानपणी आईने डाव्या हातावर पळीचे रट्टे दिले, शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारल्या, तरी हात काही बदलला नाही.

शेठ गेल्यावर सुलोचनाबाईंनी मोटर उघडली. मोटरीत तारेची दोन वेटोळी असतात. एक सतत चालतं. दुसरं फक्त सुरुवातीला धक्का देतं, आणि मोटरीने वेग घेतला की आतला एक छोटा स्विच त्याची वीज आपोआप तोडतो. लेथचं चक्र उलटं फिरवायचं तर या धक्क्याच्या वेटोळ्याची टोकं अदलाबदल करायची, म्हणून बाईंनी दोन्ही वेटोळ्यांच्या मिळून चार तारा बाहेर काढून दिल्या होत्या. आता आत पाहिलं तर चालणारं वेटोळं सोन्यासारखं पिवळं होतं, आणि धक्क्याचं जळून कोळसा झालेलं. भरणी वाईट असती तर असं एकच नेमकं कशाला जळेल? मग त्या छोट्या स्विचकडे नजर गेली. त्याची दोन टोकं कुणीतरी एकमेकांना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या वेटोळ्याने क्षणभर धक्का द्यायचा, त्याला दिवसभर जुंपलं होतं, आणि वर बोंब बाईंच्या नावाने! त्याच पावली जाऊन भांडावं असं त्यांना फार वाटलं. पण रिकाम्या हाताने गेलेल्या बाईचं भांडण तेवढं लोकांच्या ध्यानात राहतं. म्हणून दोन दिवस दात-ओठ खात त्यांनी मोटर पुन्हा भरली, सुताने बांधली, वार्निश सुकवलं, आणि काळ्या टेपचा तो तुकडा पदराच्या गाठीत बांधून मोटरीसह ऑटोत बसल्या.

वर्कशॉपमध्ये त्यांनी तो तुकडा शेठच्या वायरमनसमोर, राकेशसमोर, धरला. राकेशने आधी तोंडात मिठाची गुळणी धरली, मग सगळं ओकून टाकलं. लेथवर आटे पाडताना दर फेरीला चक्र उलटं फिरवून हत्यार मागं आणावं लागतं. सुलट-उलट करायचं हँडल मधे आणायचं, चक्र थांबू द्यायचं, मग उलट टाकायचं. चालू मोटरीवर नुसतं हँडल फिरवलं तर ती ऐकत नाही, होती तशीच फिरत राहते. शेठला तेवढा दम निघेना. मोटर लगेच उलटली पाहिजे, तो स्विचच काढून टाक, असं त्यानेच सांगितलं होतं.

बाईंनी चारही तारा हँडलच्या डब्यात स्वतः जोडल्या. सुलट चालवून दाखवलं, हँडल मधे आणलं, आणि चक्र पुरतं थांबेपर्यंत शेठकडे बघत उभ्या राहिल्या. सहा सेकंद लागले. मग उलट टाकलं. चक्र मुकाट उलटं फिरलं. कारागीर हातातली कामं टाकून बघत होते.

शेठ वरमला. चूक कबूल करायला जीभ वळेना, म्हणून त्याने स्तुती केली. "मानलं, वहिनी. भैयाजीचा हात उतरला तुमच्यात. हे ड्रिल मशीन पाहा, दहा वरसं झाली थ्यायनं भरून देल्ल्याले, एक डाव जळली नाई मोटर."

आता मात्र बाईंना शेठपेक्षा भैयाजींचा राग आला. बारा वर्षांत एकदा, नुसतं एकदा, त्या खुर्चीवरून मागच्या खोलीकडे बोट दाखवलं असतं तर काय झिजलं असतं? त्यांनी ड्रिलची वीज बंद केली, पाना उचलला आणि शेठ नको नको म्हणत असताना त्या जुन्या मोटरीचं झाकण उघडलं. आत धूळ होती, आणि धुळीखाली सुताने बांधलेलं वेटोळं. बाईंनी ते पदराने पुसलं.

"गाठ पाहा," त्या म्हणाल्या. "साऱ्यायच्या गाठीचं टोक उजवीकडं निंगते. हिचं डावीकडं हाये."

शेठ वाकला. त्याने गाठ पाहिली, मग पाना धरलेला बाईंचा डावा हात पाहिला. भैयाजींनी उजव्या हाताने लिहिलेल्या कितीतरी पावत्या त्याच्या खणात पडून होत्या.

"मंग इतके वरसं सांगतलं काऊन नाई, वहिनी?"

"कोणाले सांगू?" बाई म्हणाल्या. "भैयाजी खुर्चीवरून उठत नव्हते. मांगच्या खोलीतून मोटर आणून तुमच्या हाती मीच देऊन राह्यली होती. तुमी माह्या हातून घेतली, आन् धन्यवाद थ्यायले देल्ले."

त्यांनी झाकण लावलं आणि चारही बोल्ट एकेक करून आवळले.