पाण्याचा रकाना

साखर कारखान्यात 'प्रोग्राम' हा शब्द पुष्पावती साळवे तिथं येण्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला होता. प्रोग्राम म्हणजे तोडणीचा क्रम. कुणाचा ऊस कुठल्या पंधरवड्यात तुटणार, टोळी आधी कुणाच्या फडात शिरणार, हे ठरलं की लोक म्हणत, "आमचा प्रोग्राम लागला." म्हणून बाहत्तर साली पुण्याच्या एका कंपनीकडून ही मुलगी आली आणि आपण प्रोग्रामर आहोत असं तिनं सांगितलं, तेव्हा शेतकी ऑफिसातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलासमोर शेतकरी उभे राहायला लागले. कुणी पेरू घेऊन यायचा, कुणी नुसतेच हात जोडायचा. "बाईसाहेब, आमचं जरा लवकर बघा."

तिला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. ती प्रोग्राम लिहीत होती तो कॉम्प्युटरसाठी. कॉम्प्युटर पुण्यात, थंड हवेच्या खोलीत. प्रत्येक सभासदाच्या उसाची माहिती कार्डांवर भोकं पाडून त्याला द्यायची आणि तोडणीचा क्रम त्यानं छापून द्यायचा, असा एका हंगामापुरता करार होता. पण समोर उभ्या असलेल्या माणसांच्या दृष्टीनं त्यांचा ऊस तिच्या मुठीत होता, आणि हे त्यांना कसं समजावून सांगावं ते तिला कळत नव्हतं.

पुष्पावती श्रीरामपूरची. तिचे वडील भीमा साळवे रेल्वेत गँगमन, घर रुळांलगतच्या चाळीत. गणितात तिचं डोकं चालायचं. शिष्यवृत्तीवर बी. एस्सी. झाली, पुण्यात परीक्षा देऊन कंपनीत लागली. या हंगामात मात्र घरी राहूनच ती कारखान्यात ये-जा करायची. कामाच्या ठिकाणी तिला पाहिल्यावर लोक पहिल्यांदा टायपिस्ट समजत आणि नंतर विचारत, "साळवे म्हणजे कुठले?" या प्रश्नाचा रोख तिला लहानपणापासून ठाऊक होता. उत्तर दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटायचं, तेही ठाऊक होतं.

म्हणूनच यंत्राबद्दल तिचं मत पक्कं होतं आणि ते ती कुणापुढेही मांडायची. "यंत्राला नाव कळत नाही दादा," ती वडिलांना म्हणायची. "त्याला फक्त सभासद क्रमांक कळतो. लागवडीचा महिना आणि उसाची जात सांगितली की कुणाचा ऊस आधी पिकला ते सांगतं. पाटील कोण, कुणाचा मेहुणा कोण, त्याला काही घेणं नाही."

"आन् त्याला सांगतं कोन?" भीमा विचारायचे.

"मी."

"मग तुला सांगनारं कोनी आलं तर?"

यावर ती चिडायची. भिंतीभिंतीवर गरिबी हटवण्याची घोषणा रंगवलेली होती. घोषणेला तिची हरकत नव्हती. पण रॉकेलच्या दुकानापुढे उभं राहिलं की तिच्या मनात यायचं, राजकारण म्हणजे शेवटी रांगेत पुढं कोण हेच ठरवणं. ते ठरवायचं काम माणसाच्या हातून काढून घेतलं, तर निम्मी भांडणं मिटतील. कंपनीतल्या कामगार संघटनेची पत्रकं म्हणत होती की कॉम्प्युटर लोकांच्या तोंडचा घास काढणार. ते तिला सगळंच खोटं वाटत नव्हतं. हिशेबाच्या खात्यातल्या रिकाम्या खुर्च्या तिनं पाहिल्या होत्या. पण तो विचार आला की ती कामाला लागायची. एकच ओळ पुनःपुन्हा तपासायची. कार्डांच्या खोक्याची सुतळी एसटीत बसल्यावरही चाचपून बघायची. खोकं सांडलं आणि कार्डं मागंपुढं झाली तर, ही काळजी तिच्या मनातून कधी जायची नाही.

शेतकी ऑफिसात पुंजाराम नावाचे जुने कारकून होते. आजवर क्रम तेच लावत आले होते. ते तिच्याशी अदबीनं बोलत, पण विचारलं तेवढंच सांगत. यंत्र जमलं की आपली खुर्ची जाणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि तसं होणार नाही असं छातीठोकपणे सांगायची तिची हिंमत नव्हती.

पहिला क्रम छापून आला आणि कारखान्याच्या फलकावर लागला. त्यात कुणाचा वशिला नव्हता. चिंचाळवाडीचे संचालक भाऊसाहेब यांचा ऊस बराच मागं गेला होता. ऑफिसात कुजबुज झाली. पुष्पावतीला वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरलं. त्या आठवड्यात ती जरा मोकळेपणानं जेवली.

तो दुष्काळाचा हंगाम होता. पाऊस आलाच नव्हता. कालव्याच्या पाळ्या कमी झाल्या होत्या, रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळत होती, रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा दिसत होत्या. पुण्याला जाताना देवळाली प्रवरा मागं पडलं आणि एसटीच्या खिडकीतून तिनं एक फड पाहिला. हिरव्या उसाच्या मधोमध एक चौकोन पार पिवळा पडला होता. पाचट वाळून लोंबत होतं. पुढं तसाच आणखी एक. तिनं मनातल्या मनात कार्ड वाचलं. कार्डावर लागवडीचा महिना होता, जात होती, क्षेत्र होतं. पाणी नव्हतं. पाण्याचा रकाना तिनं ठेवलाच नव्हता. यंत्राच्या लेखी भरल्या विहिरीचा ऊस आणि आटलेल्या विहिरीचा ऊस एकाच दिवशी पिकत होते, आणि हा पिवळा चौकोन त्याच्या पाळीपर्यंत उभा राहणार नव्हता.

पुण्याला पोचेपर्यंत तिनं बाहेर पाहिलं नाही.

परत आल्यावर तिनं पुंजारामांना विचारलं, "पाणी कमी असलं की पूर्वी तुम्ही कसं करायचा?"

पुंजारामांनी पेन पुसून ठेवलं. "सांगतील तसं," ते म्हणाले.

"कोण सांगतील?"

"ज्यांचं ऐकायला लागतं ते."

म्हणजे जुनी पद्धतही काही शहाणी नव्हती. तिला त्यानं धीर आला नाही, उलट वाट बंद झाल्यासारखी वाटली. रकाना वाढवणं सोपं होतं. पण विहिरीला पाणी आहे की नाही हे यंत्र बघायला जाणार नव्हतं. ते कुणीतरी सांगायचं, आणि जो सांगणार तो कुणाचा तरी भाऊ किंवा मेहुणा असणार. जे तिनं दारातून बाहेर काढलं होतं तेच तिला हातानं आत घ्यावं लागणार होतं. नाही घेतलं, तर तिच्या निष्पक्ष क्रमानं लोकांचा ऊस वाळणार होता.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई नावाची एक बाई ऑफिसात आली. चिंचाळवाडीची, नवरा वारलेला, तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा एक तुकडा होता. तिनं पेरू आणले नव्हते, हातही जोडले नाहीत. वाळलेलं एक कांडं टेबलावर ठेवलं.

"तुमच्या यंत्राला डोळं न्हाईत का?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच माहिती विचारावी तसं तिनं विचारलं.

"नाहीत," पुष्पावती म्हणाली.

"मग तुमी तरी येऊन बघा."

पुष्पावती गेली. पुंजारामही सोबत आले, त्यांनाही घरी बसवेना. सकाळच्या वेळी दोघं चिंचाळवाडीत उतरले. लंकाबाईच्या विहिरीच्या तळाशी नुसता गाळ होता. तिथून पुढं बांधाबांधानं जाताना भाऊसाहेबांच्या मळ्यातलं इंजिन ऐकू आलं. पाटातून पाणी वाहत होतं, ऊस काळाभोर उभा होता. पुष्पावती तिथं थांबली नाही, पण तिनं पाहिलं.

वाटेत ती म्हणाली, "कुणा एकाला विचारायचंच नाही. गावात सगळ्यांसमोर विचारायचं. ज्यानं त्यानं आपल्या विहिरीचं मोठ्यानं सांगायचं आणि शेजाऱ्यानं ऐकायचं."

"लोक खोटं सांगतील," पुंजाराम म्हणाले.

"सांगतील. पण शेजाऱ्याच्या तोंडावर सांगावं लागेल."

पुंजारामांनी मान हलवली. ते होकार देत होते की नकार, हे तिला कळलं नाही. पण व्यवस्थापकांकडे परवानगी मागायला ते तिच्याबरोबर आत आले. व्यवस्थापक त्या दिवसांत सगळ्यांनाच घाबरून होते. वाळलेल्या उसाची बोंब पुण्यामुंबईपर्यंत जाण्यापेक्षा सभा बरी, असं म्हणून त्यांनी सही केली.

गावोगाव सोसायटीच्या ओट्यावर सभा झाल्या. काही ठिकाणी बरं चाललं. काही ठिकाणी दोन भावकींचं जुनं भांडण विहिरीवरून वर आलं आणि पुष्पावती आणि पुंजाराम सभा सोडून उठून आले. चिंचाळवाडीची सभा सगळ्यांत शेवटी ठेवली होती, तीही तिनंच. पुढं ढकलता येईल तितकी तिनं ती ढकलली होती. आदल्या दिवशी तिनं भाकरी ताटात तशीच ठेवली. भीमांनी ते पाहिलं. ती सभेला निघाली तेव्हा फक्त म्हणाले, "खाली बघून बोलू नको. बाकी तुझं तू बघ."

ओट्यावर खुर्ची एकच होती आणि तीत भाऊसाहेब बसले होते. बाकी गाव खाली. पुष्पावतीला कुणीतरी सतरंजी दिली, तिच्या आजूबाजूला बरीच जागा मोकळी राहिली. एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. लंकाबाईनं सांगितलं, "गाळ हाय." शेजारचा म्हणाला, "व्हय, खरं हाय." असं चालत चालत भाऊसाहेबांची पाळी आली.

"आटली," ते म्हणाले.

पुंजारामांनी पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. पुष्पावतीला वडिलांची चाळ दिसली, पुण्यातली नोकरी दिसली, या गावातून एसटीपर्यंतचा रस्ता दिसला. गप्प बसलं तर कुणी तिला दोष देणार नव्हतं. यंत्रही देणार नव्हतं. आटली म्हटलं की ते आटली धरून चालणार होतं.

"मागं मी विहिरी बघायला आले तेव्हा तुमच्या मळ्यात इंजिन चालू होतं," ती म्हणाली. तिनं खाली पाहिलं नाही. "ते कुठल्या विहिरीवर होतं?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "ती दुसरी विहीर."

"दुसरी कुठली?" लंकाबाईनं विचारलं. पुन्हा तसंच, माहितीखातर.

मागं कुणीतरी खाकरलं. एक म्हातारा बसल्याजागी म्हणाला, "एकच हाय ना, भाऊसाहेब?" मग आणखी एक दोन माना हलल्या. एवढंच झालं. कुणी उठून उभं राहिलं नाही.

भाऊसाहेब हसले. "बरोबर. एकच हाय. लिवा बाई, पानी हाय." आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या हसण्यानं तिची झोप गेली. रोज सकाळी ऑफिसात शिरताना तिला वाटायचं, आज काहीतरी होणार. वडिलांना ड्यूटीवरून यायला उशीर झाला की ती दारात जाऊन उभी राहायची. काही झालं नाही. नवा क्रम छापून आला, फलकावर लागला, टोळ्या वाळत्या फडांत आधी शिरल्या. बऱ्याच जणांचा ऊस हाती आला. काही गावांत धडधडीत खोटं खपलं होतं, तेही तिला मागाहून कळत गेलं. लंकाबाईचा ऊस तुटला, पण तोवर तो हलका झाला होता आणि निम्मा तिनं जनावरांपुढं टाकला होता. पहिल्या क्रमात गेलेले ते आठवडे कुणी परत देऊ शकत नव्हतं. पुष्पावती तिला भेटायला गेली.

"एवढं तरी आलं," लंकाबाई म्हणाली. "बसा, च्या घ्या." आणि घरातल्याच कपात चहा दिला.

हंगाम सरला आणि कारखान्यानं कंपनीला कळवलं की पुढचा करार करायचा विचार नाही. शेतकऱ्यांना यंत्र समजत नाही, असं कारण दिलं होतं. पुष्पावती पुण्याला परतली. तिला विजेच्या बिलांचं काम मिळालं. यंत्राला नाव कळत नाही, असं ती अजूनही म्हणायची, पण आता ते सांगताना तिची मान ताठ व्हायची नाही. नवं काम हाती आलं की आधी ती कागद घेऊन बसायची आणि कार्डावर काय नाही याचा विचार करायची. त्यात तिचे दिवस जायचे आणि साहेब वैतागायचे.

वर्षभरानं श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर तिला पुंजाराम भेटले. त्यांची खुर्ची शाबूत होती. ते आपणहून बोलायला आले, याचंच तिला नवल वाटलं.

"गावच्या सभा चालू आहेत," ते म्हणाले. "लोकांनीच मागून घेतल्या."

तिला आनंद झाला, पण पुंजारामांचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "आणि चिंचाळवाडीत?"

"तिथंही होते. भाऊसाहेबच अध्यक्ष असतात."

"आणि लोक?"

"कधी बोलतात. कधी नाही बोलत."

पुण्याची गाडी लागली होती. पुंजारामांनी तिची पिशवी उचलून खिडकीतून आत दिली. गाडी हलेपर्यंत ते खाली उभे होते, आणि ती आतून त्यांना विचारत होती, यंदा विहिरींना पाणी किती आहे.