उंबऱ्यापुढचं लोकोजा

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. तंजावरात, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणी भुताखेतांचं बोलू लागलं की मी उठून जायचो. ही नव्वदीनंतरची गोष्ट... आज पहिल्यांदाच लिहितोय.

माझा धाकटा भाऊ सेतू नायजेरियात भूगोल शिकवायचा. गाव लोकोजा — नायजर आणि बेन्वे नद्यांच्या संगमावर. रजेवर आला की तांदळाच्या पिठानं स्वयंपाकघरात आईला नकाशा काढून दाखवायचा. हा डोंगर, ही शाळा, पलीकडच्या काठावर ही कोळ्यांची तीन गावं. आई म्हणायची, "आपल्या तिरुवैयारूसारखंच की रे. नदी तेवढी परकी."

शेवटच्या रजेत तो म्हणाला, "अण्णा, पुरे झालं. परत येतो."

मी म्हटलं, "इथं कोण नोकरी धरून बसलंय तुझ्यासाठी? आणखी एक कॉन्ट्रॅक्ट कर."

त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये त्याची होडी उलटली. माझ्या ऑफिसात फोन आला — बुडाला, तिथंच पुरलं. कुठं, ते विचारेपर्यंत लाइन तुटली. आईचं हृदय नाजूक, म्हणून घरी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

काही दिवसांनी, सकाळी दारात आईची रोजची ठिपक्यांची रांगोळी नव्हती. दोन नद्या होत्या, डोंगर होता. पलीकडच्या काठावर गावं मात्र चार. चौथं बरंच खाली, नदी वळते तिथं.

"हे कुठलं गं?"

"सेतू आता तिथं असतो."

"त्याची शाळा अलीकडे आहे, आई."

"ते ठाऊक आहे मला."

मी चप्पल घालून ऑफिसला निघून गेलो.

पुढं सेतूबरोबर शिकवणारे मुरुगेसन सर सुटीवर आले. त्यांना घरी नेलं नाही, बसस्टँडजवळ कॉफी प्यायलो. टेबलावर सांडलेल्या पाण्यात त्यांनी बोटानं नदी ओढली. "प्रवाहानं खाली नेलं त्याला. इथं, वळणावर पुरलं. चार झोपड्यांचं गाव. आम्हीसुद्धा आधी ऐकलं नव्हतं."

दुसऱ्या सकाळी उंबऱ्यापुढे नुसता सडा.

"आज रांगोळी नाही?"

"सुतकात कोण घालतं?" आई म्हणाली. मग पदर सारखा करत, हळूच — "तो परत येणार होता ना? थांब म्हणून कुणी सांगितलं त्याला?"

"शाळेनं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा कधी विचारलं नाही.

आई जाऊनही वर्षं झाली. बातमी कुठून तरी तिच्या कानावर गेली असेल, असं धरून चालू... पण ते चौथं गाव? त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. बातमी लपवायला तिच्या हृदयाचं मात्र नुसतं निमित्त होतं. मला तिचा तो एक प्रश्न चुकवायचा होता.