किल्लीमास्तरांचं कुलूप आणि होणारा जावई

किल्लीमास्तरांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची चूक नव्हती. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करायची म्हणजे रोज लोकांच्या लबाड्या हाताळायच्या. भाऊ भावाच्या कपाटाची किल्ली करून मागतो, नवरा बायकोच्या पेटीची. आणि वर म्हणतो, घाई आहे!

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं लग्न ठरवावं तर कुणाशी? दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्याशी.

"म्हणजे लोकांच्या खिडक्यांतून आत डोकावायचा पगार घेतो की!" मास्तर कडाडले.

मुलगी त्यांचीच. ती म्हणाली, "बाबा, सुट्टी मिळाली की तो डोंगरावर तंबू ठोकून राहतो. एक रात्र त्याच्याबरोबर काढा. परत येऊन तुम्ही नाही म्हणालात, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

मास्तर एका पायावर तयार झाले. एका रात्रीत पोराचं पितळ उघडं पाडू, याची त्यांना खात्रीच होती.

डोंगरावर तंबूत झोपताना त्यांनी तंबूच्या चेनला आतून आपलं छोटं पितळी कुलूप अडकवलं आणि किल्ली बनियनच्या आत ठेवली.

"काका, इथे कोण येणार आहे?" पोरानं विचारलं.

"येणाऱ्याची नाही रे, जाणाऱ्याची काळजी आहे."

पहाटे जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं! कुलूप जागच्या जागी. किल्ली बनियनमध्ये. कुलूप उघडलं, बाहेर गेला, आणि आतलं कुलूप बाहेरून पुन्हा लावलं? असला हात त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हा काचा पुसतो म्हणे! आणि पोरगी माझी याच्या घरात नांदणार?

धडपडत बाहेर येऊन पाहिलं तर दव पडलेल्या गवतातून पावलांची रेघ थेट वर माथ्याकडे गेलेली. मास्तर निघाले. दर वीस पावलांवर थांबावं लागत होतं. ही चढाची धाप आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि पुन्हा चालू लागले.

माथ्यावर पोरगा पाठमोरा उभा होता. फोनवर बोलत होता. मास्तर एका खडकाआड दबा धरून बसले.

"नाही, झोपलेत. त्यांना कळता कामा नये," पोरगा म्हणत होता.

सापडला! मास्तरांच्या मुठी वळल्या.

"अगं, काल चढताना पाच वेळा थांबले. दर वेळी म्हणायचे, बुटाची नाडी बांधतो. त्यांच्या बुटाला नाडीच नाही! हात छातीवर होता. तू आजच डॉक्टरांची वेळ घे. मी चुगली केली म्हणून लग्नाला नाही म्हणाले तर म्हणू देत. आपलं नंतर बघू."

मास्तरांच्या पायाखालचा दगड सुटला. तो गडगडत गेला तसा पोरगा वळला. त्याचा चेहरा पार उतरला.

"काका, मी..."

"आधी सांग, कुलूप कसं उघडलंस?"

"उघडलंच नाही. तंबूला मागून दुसरं दार आहे."

मास्तरांनी शेजारच्या जागेवर थाप मारली. मग म्हणाले, "बस इथे." पोरगा बसला. मास्तरांनी छातीवरचा हात या वेळी काढला नाही.

"दोन महिने झाले, इथे दुखतंय. बायकोला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच. कुणाला सांगावं असं माणूसच दिसेना, मग तसंच रेटलं. भीती वाटते रे मला."

फोन पोराच्या हातात चालूच होता. त्यातून मुलीचा आवाज आला, "बाबा, हलू नका तिथून. त्याचा हात धरून बसा."

मास्तरांनी हात पुढे केला.