ओल्या जीनची चढण

ओल्या जीनच्या गठ्ठ्याला कधी हात घालून पाहिलाय का तुम्ही? दुकानात काचेआड लटकणाऱ्या नव्हे. वॉशिंगच्या हौदातून नुकत्याच निघालेल्या, निळं पाणी गाळणाऱ्या, ब्लीचच्या उग्र वासाने डोळे चुरचुरवणाऱ्या जीनच्या… त्या वासातच मी वाढले, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जिथे आईच्या नखांच्या कडा बारा महिने निळ्या असत.

आई हातगाडी ओढायची. सकाळी कारखान्यातून शिवून आलेल्या कोरड्या जीन्स वॉशिंगला, दुपारी त्याच ओल्या होऊन वाळवणीच्या मैदानावर. गाडी तीच, आई तीच. पण सकाळी एका रेट्यात पळणारी गाडी दुपारी जागची हलता हलत नसे. म्हणून कोरडा माल खांद्याइतका रचायचा आणि ओला फक्त कमरेइतका, हा तिचा शिरस्ता. बाबा युनियनची पत्रकं वाटत, आणि मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांवरच. ‘एकजुटीचे बळ’ मला ‘कमळ’च्या आधी वाचता आलं. पण बळ म्हणजे नेमकं काय, ते कळलं दिवाळीच्या तोंडावर, गल्लीगल्लीत चकलीचं तेल तापत असताना.

त्या दुपारी कारखान्याच्या शेठने आईला सुनावलं होतं, “बाई, गीला माल औरतों का काम नहीं. आज पूरा माल एक फेरे में पहुँचाओ, नहीं तो कल से टेम्पो.”

 आईने आणि तिच्या जोडीदारणीने, म्हणजे शेजारच्या लाजवंतीने, जिला सगळी गल्ली सिंधीत ‘अदी’ म्हणजे ताई म्हणे, ओला माल खांद्याइतका रचला. हट्टाने. मैदानाआधीच्या चढणीच्या पायथ्याशी गाडी जी थांबली ती थांबलीच… मी मागून रेटत होते, निळं पाणी माझ्या फ्रॉकवर ठिबकत होतं.

“सुनंदा, आधा उतार दे,” अदी धापा टाकत आईला म्हणाली.

“अर्धा उतरवला की शेठ जिंकला, अदी.”

मागे शेअर रिक्षा हॉर्नवर हॉर्न देत होती. “ओ मावशी, हलवा ना गाडी! सवारी बसलीय!”

“हलवा म्हणतोस, मग उतर की! हात काय भाड्याने दिलेत?” आई फणकारली.

सवाऱ्या हसल्या, आणि हसता हसता रिक्षावाल्यासकट सगळेच उतरले. पण जो तो आपल्या बाजूने ढकलू लागला. गाडी डावीकडे डुलली, उजवीकडे डुलली, पुढे मात्र इंचभर नाही. “सगळे मागे या!” आई ओरडली. “जोर एकाच दिशेला. आणि हिसका नको, लावून धरा!”

चाक किरकिरलं. गाडी आधी मुंगीसारखी, मग बैलासारखी, मग चढण संपताच सुटलेल्या वासरासारखी… “आता मागे ओढा, नाहीतर गटारात!” सगळे उलटे लोंबकळले. “पहले आगे, अब पीछे! मावशी, पक्कं ठरवा ना!” रिक्षावाला ओरडला. गाडी मैदानाच्या कडेला येऊन शांत उभी राहिली. जीन्सनी भरलेल्या वाळवणीच्या दोऱ्या पाहून शेठने पान चघळलं, आणि टेम्पोचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढे नववीत बाईंनी फळ्यावर लिहिलं: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. वर्ग उतरवून घेत होता; माझ्या नाकात ब्लीचचा वास भरला. माल दुप्पट झाला तर तितक्याच झपाट्याने वेग घ्यायला बळही दुप्पट लागतं. चालत्या मालाला थोपवायलाही बळच लागतं. आणि उलटसुलट दिशांनी लावलेली बळं एकमेकांनाच खातात. बाबांच्या पत्रकांत बळ होतं, पण त्याला दिशा दिली ती आईने. माल कमी करायचा नसेल, तर हात वाढवावे लागतात. याहून मोठं राजकारण मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

आता अदी चिखलोलीच्या नव्या इमारतीत राहते. आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. नखं मात्र आता स्वच्छ, गुलाबी आहेत, आणि ती पाहिली की मला उगाच चुकल्यासारखं वाटतं… गाडी चालू आहे. गल्लीतल्या दोन तरुण मुली ती ओढतात. ओला माल कमरेइतकाच रचतात, आणि शेठशी स्वतः बोलतात.

तेव्हा एवढंच करा. चढणीवर तुमच्यापुढे भरलेली हातगाडी अडली, तर हॉर्नवरचा हात काढा, खाली उतरा, आणि तोच हात तिच्या पाठीला लावा. बाजूने नको. मागून.