आतली कडी

शोभा गेली हे मला नळावर कळलं. घागर भरून वाहत होती, मी तशीच उभी... जुन्या जखमेमुळे फिट आली, असं बायका म्हणाल्या. ती गेल्याला महिना झाला, आता त्या जखमेला मी शब्द देतेय. चारचौघांत मला बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली.

शोभा कुंभारी गावात आमच्या गल्लीची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, आमच्या समोरच राहायची. कोरोनात घरोघर ताप विचारायची, वहीत लिहायची, मग मोबाईलमध्ये भरायची. मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असायची. त्या आठवड्यात नेट बंद होतं. "सगळं मोबाईलमदीच साठलंय वैनी. नेट आलं की जाईल वर."

"वर म्हंजी देवाकडं?"

"सायबाकडं. देव तरी लवकर बघतो."

सासूबाईंना ताप आला. बाहेर बोललीस तर जीभ हासडीन, असा नवऱ्याचा दम होता. तरी मी शोभाच्या कानात सांगितलं. तिने फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, सासूबाई गेल्या. तोंडही बघू दिलं नाही.

त्याच दुपारी माझ्या नवऱ्याने आणि गल्लीतल्या चौघांनी शोभाला केसांना धरून बाहेर ओढलं. पोटात लाथा घातल्या. मोबाईल दगडाने ठेचला. "कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली, "मीच बघितलं." मग तोच दगड डोक्यात. मी आतून कडी लावून फटीतून बघत होते. रक्त डोळ्यांत गेलेलं, तरी तिने एकदा माझ्या दाराकडे बघितलं. नाव घेतलं नाही.

तिला दवाखान्यात नेल्यावर गटारीच्या कडेला वही दिसली. ती मी विडीच्या पानांच्या पोत्यात लपवली.

चार दिवसांनी मोबाईलवरची ही पद्धत कशी चालते ते तपासायला एक साहेब आणि मॅडम आले. स्क्रीनवर बघून साहेब म्हणाले, "या गल्लीत ताप शून्य. छान." आमच्या मागच्याच घरात खोकल्याने माणूस तडफडत होता. नवरा शेजारी उभा होता. मी आत जाऊन वही आणली.

"शून्य न्हाय बाई. सात घरं हायत. पैलं आमचं. म्याच सांगितलं होतं तिला."

मॅडम कितीतरी वेळ वही आणि स्क्रीन आलटून पालटून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, मागच्या घरातला माणूस वाचला. त्या संध्याकाळी नवऱ्याने पट्ट्याने माझी पाठ फोडली, दोन बोटं मोडली. विडीला दोरा गुंडाळताना ती अजून वाकत नाहीत.

शोभा डोक्याला पट्टी बांधून बघायला आली. "तुमचं नाव दाबायला मी एवढा मार खाल्ला, आन तुमी सांगून मोकळ्या." हसताना तिचे टाके ओढले गेले.

कडी का लावलीस, असं तिने कधीच विचारलं नाही. नवी वही घेऊन पुन्हा यायची, बाहेरची कडी दोनदा वाजवायची, "हायसा का वैनी?" यायची ती अगदी जायच्या आदल्या दिवसापर्यंत...

आता दिवसा मी आतली कडी लावत नाही. नवरा ओरडतो. ओरडू दे.