'अहो' आणि 'तो'

एकोणचाळीस वर्षं मी माझ्या बायकोचा 'अहो' आहे. दुसऱ्या कुणाशी बोलताना 'आमचे हे'. घराच्या पुढच्या खोलीत मी घड्याळं दुरुस्त करतो. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. तिच्या घडीचा कोपरा कोपऱ्याला असा भिडतो की मलाही हेवा वाटतो, आणि मी कुणाचं सहज कौतुक करणारा माणूस नव्हे.

तर एका गुरुवारी ती स्वयंपाकघरातून बहिणीशी फोनवर बोलत होती. "तो होता म्हणून निभावलं गं. कधी शब्दानं दुखावलं नाही त्यानं मला."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. हा 'तो' कोण? मी तर नव्हेच. मी 'हे'. शिवाय सकाळच्या चहापासून माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असतो, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. राहता राहिला धुलाईखान्याचा मुकादम. भरघोस मिशा, मऊ आवाज. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिने विचारलं, "पोट बिघडलंय का?"

पाचव्या दिवशी ऐन जेवणाच्या सुट्टीत धुलाईखाना गाठला. मुकादम कोपऱ्यात एकटाच डबा खात होता. बायको तीन मैत्रिणींबरोबर बाकावर बसली होती. मला पाहून एक म्हणाली, "अगंबाई, हाच का तुझा 'तो'?"

दुसरी म्हणाली, "वाटलं होतं त्यापेक्षा बुटके आहेत."

बायको लाजून उठली. "अहो, तुम्ही इकडे कुठे?"

ती फाटकापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "शब्दानं दुखावलं नाही म्हणतेस? दिवसभर ओरडत असतो की मी."

"ते घड्याळांवर हो."

"मग हे माझ्या तोंडावर का नाही बोललीस कधी?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही होतातच की तिथे."

मी फाटकाची कडी उगाच मागेपुढे केली. कसंबसं म्हणालो, "माझंही तुझ्यामुळेच निभावलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि कामाला आत गेली.

मुकादमावरचा राग गेला. मत्सर मात्र जाईना. इतकी वर्षं त्या तिघी हे रोज ऐकत होत्या. मला ते एकदाच मिळालं, तेही भिंतीआडून.